बेसिकोड प्रकल्प : रेडिओवरून आलेले प्रोग्रॅम पुन्हा वाचताना

२८ एप्रिल २०२४, रविवार

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. एक कॅसेट आहे. तिच्यावर १९८५ साली नेदरलँड्सच्या एनओएस रेडिओवरच्या 'हॉबीस्कूप' या कार्यक्रमातून प्रसारित झालेले काँप्युटर प्रोग्रॅम आहेत, म्हणजे त्यांचा आवाज आहे. तो आवाज लॅपटॉपवर घ्यायचा, त्यातून प्रोग्रॅम अक्षर न् अक्षर बाहेर काढायचे आणि चालवून बघायचे. यासाठी तयार डिकोडर मिळतात. पण मला तो स्वतः लिहायचाय, कारण ही पद्धत कशी चालते ते मला हाताने करूनच नीट कळेल.

कॅसेट काल किंग्ज डेच्या बाजारात मिळाली. त्या दिवशी इथे आइंडहोवनला लोक घरातलं जुनं सामान फुटपाथवर मांडून बसतात. कव्हरच्या आत पेन्सिलने प्रोग्रॅमची नावं लिहिलीत आणि प्रत्येक नावापुढे टेप काउंटरचा आकडा आहे. विकणारे आजोबा म्हणाले, रेडिओतून थेट केबल लावून रेकॉर्ड करायचो आणि मग ओळखीच्यांना वाटायचो. पैसे घ्यायला तयार नव्हते, बळेच दिले.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं. १९८०च्या आसपास घरगुती काँप्युटरला डिस्क ड्राइव्ह जोडणं बहुतेकांना परवडत नसे. प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवायचे. आता जे कॅसेटवर आवाज म्हणून राहतं ते रेडिओवरूनही जाऊ शकतं, हे हॉबीस्कूपच्या मंडळींनी हेरलं. अडचण वेगळीच होती. टेपवर लिहायची प्रत्येक कंपनीची रीत निराळी, त्यामुळे ॲपलची टेप कमोडोरला कळत नसे आणि कमोडोरची टीआरएस-८० ला. सुरुवातीला एकेका मशीनसाठी वेगवेगळे प्रोग्रॅम प्रसारित व्हायचे. ज्याच्याकडे ते मशीन नाही त्याच्या लेखी तो नुसता कर्कश आवाज. त्यावरचा तोडगा म्हणजे बेसिकोड. आवाजाची पद्धत सगळ्यांना एकच, आणि प्रोग्रॅमही मशीनच्या आतल्या आखूड रूपात न पाठवता साध्या वाचता येणाऱ्या अक्षरांत. नंतरच्या बेसिकोड-२ मध्ये बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं कोणतं रूप वापरायचं तेही ठरवून दिलं. माझ्या कॅसेटवर हेच असावं.

१ मे, बुधवार

ऑफिसमधून आल्यावर आवाजाची रीत कागदावर उतरवली.

बिट शून्य असेल तर १२०० हर्ट्झची एक लहर. बिट एक असेल तर २४०० हर्ट्झच्या दोन लहरी. दोन्हींना वेळ सारखाच लागतो, त्यामुळे बिट कुठलाही असो, सेकंदाला १२०० बिट जातात. प्रत्येक अक्षराला ११ बिट लागतात : सुरुवातीचा एक शून्य, मग अक्षराचे आठ (सर्वांत लहान किमतीचा आधी), आणि शेवटी दोन एक.

इंग्रजी 'ए' घेऊन पाहू. त्याचा आस्की (अक्षरांना ठरवून दिलेल्या आकड्यांच्या यादीतला) आकडा ६५. हवेतून जाताना तो असा जातो : ० | १ ० ० ० ० ० १ १ | १ १. शेवटून तिसरा एक लक्षात ठेवायचा. अक्षराला सातच बिट पुरतात, आठवा बेसिकोडमध्ये कायम एक ठेवलेला असतो. त्यामुळे दोन अक्षरांच्या मध्ये निदान तीन एक सलग येतात. मधे खरखर होऊन गाडी रुळावरून घसरलीच, तर या तीन एकांनंतरच्या पहिल्या शून्याला धरून डिकोडरला पुन्हा जागेवर येता येतं. एका बिटाची किंमत मोजून ही सोय केली आहे आणि मला ती फार आवडली.

प्रोग्रॅमच्या आधी पाच सेकंद नुसता २४०० हर्ट्झचा सूर. मग 'मजकूर सुरू' ही खूण, तिचा आकडा १३०. मग सगळा प्रोग्रॅम, मग 'मजकूर संपला' म्हणजे १३१, मग चेकसम (मजकूर बरोबर पोचला का ते तपासायचा आकडा), आणि पुन्हा पाच सेकंद सूर.

वेग काढला. १२०० भागिले ११, म्हणजे सेकंदाला साधारण १०९ अक्षरं. चार केबीचा प्रोग्रॅम ३८ सेकंदांत जातो. त्याआधी १९७५ साली अमेरिकेत ठरलेली कॅन्सस सिटी पद्धतही याच दोन सुरांची होती, पण तिच्यात शून्याला चार लहरी आणि एकाला आठ, म्हणून सेकंदाला ३०० बिट. रेडिओवर एकेक सेकंद मागून घ्यावा लागतो, तिथे चौपट वेग ही मोठी गोष्ट.

५ मे, रविवार

कॅसेटमधल्या स्पंजची पट्टी निखळली होती. कवच स्क्रूचं असल्यामुळे उघडून टेप दुसऱ्या कवचात घातली. डेक सेकंडहँड दुकानातला, पट्टा बदलला, हेड स्पिरिटने पुसलं. पहिल्यांदा वाजवताना सूर मऊ येत होता. अझिमथचा, म्हणजे टेपवर हेड किती सरळ बसतं ते ठरवणारा, स्क्रू हळूहळू फिरवत आवाज सर्वांत धारदार होईल तिथे थांबवला. पूर्ण अ बाजू सेकंदाला ४४,१०० सँपलने (आवाजाच्या मोजणीने) रेकॉर्ड केली. डावी-उजवी बाजू एकत्र केली नाही, फक्त डावी घेतली. हेड जरा जरी तिरकं असलं तरी दोन्ही बाजू किंचित मागेपुढे होतात आणि बेरजेत बारीक लहरी मार खातात.

९ मे, गुरुवार (सुट्टी)

डिकोडर पायथनमध्ये लिहिला. कल्पना साधी : लहर शून्यरेषा कधी ओलांडते ते शोधायचं. १२०० हर्ट्झची अर्धी लहर माझ्या रेकॉर्डिंगमध्ये साधारण १८.४ सँपलची, २४०० ची ९.२ ची.

बरेच जण फक्त वर जाणाऱ्या छेदांमधलं अंतर मोजतात. त्यात एक खोच आहे. डेकमधून किंवा साउंड कार्डातून येताना लहर उलटी झाली, तर हे अंतर दोन बिटांच्या सीमेवर पसरतं : अर्धं या बिटाचं, अर्धं त्या बिटाचं. म्हणून मी दोन्ही दिशांचे छेद घेते. 'एक' चालू असताना पहिली लांब अर्धी लहर दिसली की तिथे शून्याचा बिट सुरू झाला असं धरायचं, तिथून ११ बिटांच्या खिडक्या आखायच्या आणि प्रत्येक खिडकीत छेद किती ते मोजायचं. दोन असतील तर शून्य, चार असतील तर एक. लहर सुलटी का उलटी, याने फरक पडत नाही.

टेपचा वेग कधी स्थिर नसतो. त्यामुळे खिडकीची लांबी ठाम न ठेवता आधीच्या पाच सेकंदांच्या सुरावरून काढली आणि पुढे प्रत्येक अक्षरागणिक जराशी सुधारत नेली. तो सूर मला आधी निव्वळ सूचना वाटायचा, पण तो मापाची पट्टी म्हणूनही कामाला येतो.

१२ मे, रविवार

मजकूर आला! पहिली ओळ अशी :

१००० ए=२००:गोटू २०:रेम सूर्योदय-सूर्यास्त

(नाव डच भाषेत आहे, इथे मराठीत लिहिते.) बेसिकोडमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम १००० क्रमांकाच्या ओळीनेच सुरू होतो आणि ती ओळ याच साच्यातली असते. १००० पेक्षा कमी क्रमांकाच्या ओळी पाठवायच्याच नाहीत. त्या ज्याच्या त्याने आपल्या मशीनवर आधीच घालून ठेवायच्या.

प्रोग्रॅमच्या तळाशी, ३०,००० च्या पुढच्या ओळींत, नुसत्या रेम (मशीनने वगळायच्या टिपा) आहेत : प्रोग्रॅम काय करतो, सूत्र कुठलं, अचूकता किती. शेवटी लेखकाचं नाव, पत्ता आणि त्याने कुठल्या मशीनवर लिहिलं ते. नाव-पत्ता मी इथे देणार नाही. पण अनोळखी हजारो माणसांच्या घरी आपला प्रोग्रॅम जाणार, आणि काही अडलं तर त्यांनी आपल्याला पत्र लिहावं, म्हणून या माणसाने दारावरची पाटी प्रोग्रॅमच्या आतच लावून ठेवली आहे. ते वाचून मी बराच वेळ पुढे गेले नाही.

१९ मे, रविवार

आज कोड लिहिला नाही. बेसिकोड-२ चे नियम घेऊन बसले होते. कोरडे दिसतात, पण प्रत्येक नियम कुणासाठी आहे हे शोधायला लागल्यावर दिवस कसा गेला कळलं नाही.

ओळ ६० अक्षरांपेक्षा लांब नको. व्हेरिएबलचं (किंमत ठेवायच्या खणाचं) नाव जास्तीत जास्त दोन अक्षरांचं. का? कमोडोर आणि ॲपल नावाची पहिली दोनच अक्षरं बघतात. तिसऱ्या अक्षरात वेगळी असलेली दोन नावं त्यांच्या लेखी एकच.

'इफ... देन' (असं असेल तर तसं कर) चालेल, 'एल्स' (नाहीतर) चालणार नाही. बऱ्याच मशीनवर एल्स होतं आणि लिहायला ते किती सोयीचं! पण कमोडोर आणि ॲपलवर नव्हतं, म्हणून कुणीच वापरायचं नाही.

व्हेरिएबलला आधी किंमत द्या, मगच वापरा. मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये किंमत न दिलेलं व्हेरिएबल आपोआप शून्य असतं, तिथल्या माणसाला ही सक्ती जाचक वाटली असेल. बीबीसी मायक्रो आणि सिंक्लेअर मात्र अशा वेळी चूक दाखवून थांबतात.

पहिल्या ओळीतलं ते 'ए=२००' सुद्धा असंच. टीआरएस-८० सारख्या मशीनवर स्ट्रिंगांसाठी, म्हणजे अक्षरांच्या मजकुरासाठी, किती जागा लागेल ते आधी सांगावं लागतं, आणि तसं सांगताना आधीची सगळी व्हेरिएबल पुसली जातात. म्हणून प्रोग्रॅमने पहिल्याच ओळीत आकडा सांगायचा आणि ओळ २० वर जायचं. ज्याच्या मशीनला गरज असेल त्याची ओळ २० जागा राखेल, बाकीच्यांची तशीच पुढे १०१० ला जाईल. कमोडोरवर लिहिणाऱ्याला त्या 'ए' चा काडीचा उपयोग नाही. तरी त्याने स्ट्रिंगांची अक्षरं मोजून तो आकडा लिहायचा.

आणि मग निषिद्ध नावांची यादी. 'टीआय' आणि 'एसटी' नको : कमोडोरवर पहिलं घड्याळ आहे, दुसरं इनपुट-आउटपुटची स्थिती. 'जीआर' नको : ॲपलवर तो ग्राफिक्सचा आदेश. 'एटी' नको : ॲपल आणि सिंक्लेअरवर तो राखीव. 'पीआय' नको : बीबीसी आणि सिंक्लेअरवर तो गणितातला पाय (π). 'ओ' ने सुरू होणारी सगळी नावं १००० खालच्या ओळींसाठी सोडलेली. ही यादी वाचली की त्या वेळी नियम ठरवताना कुणाकुणाचा विचार झाला होता ते दिसतं.

माझं म्हणणं इथे ठामपणे नोंदवते. बेसिकोडचं खरं काम रेडिओने केलेलं नाही. रेडिओ मिळाला नसता तर टपालाने कॅसेटी गेल्या असत्या. खरं काम केलं ते आपल्या मशीनची हौसेची सोय बाजूला ठेवणाऱ्यांनी. रंग, आवाज, ग्राफिक्स, एल्स, लांब नावं, सगळं घरात असताना ते न वापरता ४० बाय २४ अक्षरांच्या पडद्यावर भागवायचं, कारण पलीकडे कुठलं मशीन आहे ते माहीत नाही.

२० मे, सोमवार (सुट्टी)

दुपारी पुण्याला मामाशी बोलले. त्याच्याकडे कॉलेजात असताना डीबी स्पेक्ट्रम होता. सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लस आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन १९८६ पासून विकला, तोच.

"मामा, तुम्ही लोक प्रोग्रॅम कसे मिळवायचात?"

"मिळवायचे काय, मागायचे. एकाचा चुलतभाऊ लंडनहून आला की त्याच्या बॅगेकडे आमचं लक्ष. दोन टू-इन-वन समोरासमोर, मधे केबल, की झाली कॉपी. कॉपीची कॉपी चालत नसे गं, तिसऱ्या पिढीला टेप लोड होताना मान टाकायची. मग हेडचा स्क्रू पिळत बसायचं."

"आणि स्वतः लिहिलेलं?"

"ते वहीत. हाताने उतरवून घ्यायचो. मासिकातली लिस्टिंग एक जण वाचायचा, एक टाइप करायचा. मी त्यातूनच शिकलो, गेममधून नाही."

हे शेवटचं वाक्य मी लगेच टिपून घेतलं. त्या काळच्या देवाणघेवाणीबद्दल बोलताना दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक, दुसऱ्याने विकायला काढलेल्या टेपची नक्कल. दुसरी, आपण केलेलं आपणहून देणं. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्सने हौशी लोकांना उघडं पत्र लिहिलं : आमचं आल्टेअर बेसिक तुम्ही बहुतेकांनी चोरलं आहे. त्या तक्रारीत तथ्य होतं. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात लि-चेन वँग यांनी ८०८० प्रोसेसरसाठी लिहिलेलं पालो अल्टो टायनी बेसिक डॉ. डॉब्ज जर्नलमध्ये सगळ्याच्या सगळं छापून आलं, कुणीही घ्यावं, बदलावं म्हणून. दोन केबीच्या आत बसणारं. पहिल्या टीआरएस-८० चं बेसिक त्याच्याच आधारावर उभं राहिलं. पत्राची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. वँग यांची तितकी सांगितली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

२६ मे, रविवार

सूर्योदयाच्या प्रोग्रॅमचा चेकसम जुळत नाही.

चेकसम म्हणजे सुरुवातीच्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत प्रत्येक अक्षराचं एकामागोमाग एक्सऑर (दोघांचे बिट वेगळे तिथे एक, सारखे तिथे शून्य). मी काढलेलं उत्तर आणि टेपवरचं उत्तर यांत फरक चारचा. म्हणजे कुठल्यातरी अक्षरात चार किमतीचा बिट उलटलाय. कोणता बिट ते कळलं, कुठल्या अक्षरातला ते कळत नाही. बेसिकोडचा चेकसम इतकंच सांगतो.

मग शोध. हा बिट उलटला तर '१' चा '५' होतो, '०' चा '४', 'ए' चा 'ई'. बेसिकच्या शब्दात झाला असता तर लगेच दिसला असता, कारण 'प्रिंट' मधल्या पहिल्या अक्षराचा 'टी' झाला असता. सगळे शब्द तपासले, धड आहेत. राहिले आकडे. सगळे गोसब (दिलेल्या ओळीवर जाऊन तिथलं काम करून परत यायचे आदेश) काढून बघितले आणि सापडला :

एचओ=५:व्हीई=३:गोसब १५०

बेसिकोड-२ मध्ये १५० ला काहीच नाही. एचओ म्हणजे आडवी जागा, व्हीई म्हणजे उभी, आणि ते दोन्ही देऊन जायचं असतं ११० ला, कर्सर तिथे न्यायला. १५० चं ११० केलं, चेकसम जुळला.

एवढ्यावर सोडवेना. त्या अक्षराचा क्रम घेऊन रेकॉर्डिंगमधली जागा गाठली. तिथे एक-दोन मिलिसेकंद आवाज बसलाय, टेपवरची पूड तेवढ्या जागी उडाली असावी. लहर इतकी बारीक झाली की खरखरीनेच शून्यरेषा दोनदा जादा ओलांडली. दोनाचे चार छेद झाले आणि शून्याचा एक. आता डिकोडर अशा आवाज बसलेल्या जागा वेगळ्या टिपून ठेवतो, म्हणजे चेकसम बिघडला की आधी तिथे बघता येईल.

२ जून, रविवार

प्रोग्रॅम चालवला. बीबीसी मायक्रो आणि कमोडोर ६४, दोन्हींच्या एम्युलेटरवर, म्हणजे त्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर. (बीबीसी मायक्रो आपल्याकडच्या वाचकांना आठवत असेल. १९८४ साली सुरू झालेल्या सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून हीच मशीनं शाळांत आली होती.) त्यासाठी १००० खालच्या ओळी दोघांसाठी वेगवेगळ्या लिहिल्या. कर्सर नेण्याची ११० ची ओळ बघा.

बीबीसीवर : प्रिंट टॅब(एचओ,व्हीई);:रिटर्न

कमोडोरवर : पोक २११,एचओ:पोक २१४,व्हीई:सिस ५८६४०:रिटर्न

तेच काम. एकीकडे साधा आदेश, दुसरीकडे मेमरीच्या दोन खणांत आकडे ठेवून रॉममधल्या एका पत्त्यावर उडी. ५८६४० हा आकडा कमोडोरवाल्यांनी एकमेकांना सांगून सांगून पाठ केलेला. पण सूर्योदयाच्या लेखकाला तो माहीत असायची गरजच नव्हती. त्याने 'गोसब ११०' लिहिलं आणि काम झालं. यंत्राची खोलातली माहिती असलेल्या एकाने ती एकदा लिहून द्यायची, आणि गणित जाणणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, रेडिओची हौस असलेल्या बाकी सगळ्यांनी तिच्या भरवशावर आपापल्या विषयाचं लिहायचं. कामाची ही वाटणी मला आजच्या कुठल्याही लायब्ररीइतकी भक्कम वाटते.

पुण्याचे अक्षांश-रेखांश घातले, १८.५ आणि ७३.९. वेळेचा फरक विचारला तिथे ५.५ दिलं. नेदरलँड्समधल्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमला अर्धा तास पचेल का, अशी शंका होती, पण पचला. मामाने घरातलं दाते पंचांग उघडून फोनवर वेळा सांगितल्या. दोन मिनिटांच्या आत फरक आहे, आणि लेखकाने रेममध्ये तेवढाच कबूल केलाय.

८ जून, शनिवार

इतरांनी काय केलं याची थोडक्यात नोंद, कारण हे फक्त इथलं खूळ नव्हतं.

बीबीसी रेडिओच्या 'चिप शॉप' कार्यक्रमानेही बेसिकोड उचललं. पूर्व जर्मनीच्या सरकारी रेडिओवर तर ते १९८९-९० च्या सुमाराला जोरात होतं. तिथे केसी ८५ मालिकेसारखी देशी मशीनं होती, पण घरगुती ग्राहकाच्या हाती ती मुश्किलीने लागत. बर्लिनच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच पद्धत, त्यामुळे पश्चिमेकडून ऐकू येणारं पूर्वेला वाचता येई.

युगोस्लाव्हियाची वाट निराळी. बाहेरून काँप्युटर आणण्यावर कडक मर्यादा होत्या. व्होया अँतोनिच यांनी १९८३ साली झेड-८० प्रोसेसरवर स्वस्तातला 'गॅलाक्सिया' काँप्युटर आखला. पडद्यावरचं चित्र काढायला वेगळी चिप न घेता ते काम प्रोसेसरकडूनच करून घेतलं, हे त्यातलं खरं कसब. देयान रिस्तानोविच यांच्या पुढाकाराने सगळा आराखडा मासिकाच्या विशेषांकात छापला, आणि आठ हजारांवर लोकांनी तो घरी जोडायला सुटे भाग मागवले. झोरान मोदली यांनी रेडिओ बेलग्रेडच्या २०२ केंद्रावरून प्रोग्रॅम ऐकवायला सुरुवात केली, श्रोते टेप लावून बसत. तिथल्या लोकांनी आधी मशीनच वाटलं, मग त्यावरचे प्रोग्रॅम. गॅलाक्सियावर वेगळी नोंदमाला लिहायची आहे.

१६ जून, रविवार

आता उलटा प्रवास : मजकुरातून आवाज. एन्कोडर डिकोडरपेक्षा कितीतरी सोपा निघाला.

सूर्योदयाचा प्रोग्रॅम स्पीकरवर वाजवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोनवर रेकॉर्ड केला. चेकसम जुळला. मग मामाला मोबाईलवर कॉल करून फोन स्पीकरजवळ धरला. तिकडचं रेकॉर्डिंग वाया गेलं, एकही ओळ धड नाही. १२०० आणि २४०० दोन्ही सूर टेलिफोनच्या पट्ट्यात बसतात, जुन्या लँडलाइनवरून हे गेलं असतं असं वाटतं. पण मोबाईलचा कोडेक (आवाज आखूड करून पाठवणारी रीत) माणसाच्या बोलण्यासाठी बनवलाय, लहरी जशाच्या तशा पोचवणं त्याचं काम नाही. शेवटी डब्ल्यूएव्ही फाइलच पाठवली.

मामाने लॅपटॉपवर माझा डिकोडर बसवून घेतला आणि लिस्टिंग वाचून दोन तासांनी फोन केला. "अगं, यात एसआर-डॉलर नावाची स्ट्रिंग आहे. स्पेक्ट्रमवर स्ट्रिंगचं नाव एकाच अक्षराचं असतं. आमच्याकडे हे कसं चाललं असतं?" खरं आहे. स्पेक्ट्रमचा पडदाही ३२ अक्षरं रुंद आणि २२ ओळींचा. म्हणून स्पेक्ट्रमसाठी नुसत्या १००० खालच्या ओळी पुरत नसत, मजकूर आत घेतानाच त्याचं भाषांतर करणारा प्रोग्रॅम लागायचा. मामा म्हणाला, मग मीच एक लिहून बघतो, नियम पाठव.

३० जून, रविवार

मामाचा प्रोग्रॅम आला, आवाजाच्या फाइलमध्येच. तारीख घातली की तिथी सांगतो. पद्धत सरासरीची : ६ जानेवारी २००० ची अमावास्या धरायची, तिथून गेलेले दिवस २९.५३०५८८ ने भागायचे, जी बाकी उरेल तिचे तीस भाग. चंद्राची गती कमीजास्त होते, त्यामुळे या पद्धतीत एखाद्या तिथीचा फरक पडू शकतो. ते त्याने ३०,०१० च्या ओळीत स्वच्छ लिहिलंय : 'व्रतासाठी पंचांगच बघावे.' ३२,००० ला स्वतःचं नाव आणि पत्ता.

चेकसम पहिल्या फटक्यात जुळला. ओळी ६० च्या आत, एल्स कुठे नाही, सगळी व्हेरिएबल आधी भरलेली. बीबीसीवर नीट चालला. कमोडोरवर मात्र १६०० च्या ओळीवरच थांबला. तिथे तिथीसाठी नाव दिलंय 'टीआय', आणि कमोडोरवर ते घड्याळ, त्यात किंमत घालता येत नाही.

मामाला कळवलं. "मराठी माणूस तिथीला टीआय नाही तर काय म्हणणार!" म्हणाला, आणि रात्री 'टीएच' करून नवी फाइल पाठवली. दोन्ही मशीनवर चालते. आता त्याला स्पेक्ट्रमसाठीचा भाषांतर करणारा प्रोग्रॅम लिहायचाय. मी ब बाजू रेकॉर्डिंगला लावली आहे. कव्हरवरच्या काउंटरप्रमाणे तिच्यावर आणखी पाच प्रोग्रॅम आहेत, त्यातला पहिला कॉइल किती वेढ्यांची हवी ते काढणारा.